पाच सेकंद उघडं दार

ऑफिसच्या काचेच्या दाराशेजारचं हिरवं बटण दाबलं की बऱ्याचदा ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि दार ढकलता येतं. तो कुलूप उघडल्याचा आवाज, असा आपला समज होतो. पण चौकटीच्या वरच्या अंगाला बसवलेल्या विद्युतचुंबकीय कुलपात, म्हणजे बसवणाऱ्यांच्या भाषेतल्या ‘ईएम लॉक’मध्ये, उघडमिट करणारा एकही भाग नसतो. चौकटीवर चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी, एवढाच सगळा संसार. ‘टक्’ वाजतो तो जवळच कुठेतरी, सप्लायच्या डब्यात किंवा बटणामागे बसवलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. तुम्ही बाहेर पडल्यावर तो आणखी एकदा वाजतो, पण ते ऐकायला तुम्ही तिथे नसता. या दोन आवाजांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी पाच सेकंदांच्या आसपास असतं.

साध्या ईएम लॉकची पकड सुमारे २७५ किलोची असते. त्याला वीज मात्र लागते १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे ६ वॉट. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवाही याहून जास्त खातो. याचं कारण असं की दार नुसतं धरून ठेवण्यात कुठलंही कार्य होत नाही. काही सरकत नाही, काही उचललं जात नाही. सगळी वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. चुंबकीय क्षेत्र दीड टेस्लाच्या घरात असलं, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९ किलोची ओढ मिळते. तीस चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग पट्टीला चिकटला की हिशेब पुरा होतो. अट एकच, पृष्ठभाग खरोखर चिकटला पाहिजे. मध्ये कागदाच्या जाडीची फट राहिली तरी ओढ झपाट्याने घटते. म्हणूनच दारावरची पट्टी मागे रबरी वॉशर घालून मुद्दाम थोडी डुलती ठेवतात, म्हणजे ती स्वतःच चुंबकाशी जुळवून घेते. ‘ढिली झालीय’ म्हणून ती पान्याने पिळून घट्ट करणारे उत्साही लोक पुष्कळ असतात. त्यानंतर कुलूप ‘कमजोर’ झाल्याची तक्रारही तेच करतात.

एवढ्या ताकदीच्या या कुलपाला काळ मात्र कळत नाही. वीज आहे तोवर बंद, वीज गेली की उघडं. बटणावर आपलं बोट जेमतेम अर्धा सेकंद टेकतं. तेवढ्यापुरतीच वीज तुटली, तर हात दारापर्यंत पोहोचायच्या आत चुंबक पुन्हा पट्टी धरून बसतो. अर्ध्या सेकंदाचे पाच सेकंद करणारं कोणीतरी मध्ये हवं. ते काम करतं टायमर रिले मॉड्यूल, काडेपेटीएवढी एक पाटी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती सहज मिळते. तिच्यावर निळ्या ठोकळ्यासारखा रिले, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा एक प्रीसेट आणि आठ पायांची एक काळी चिप असते. ही चिप बहुधा ५५५ असते.

५५५ ची रचना स्विस वंशाचे अभियंते हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी केली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पन्नास वर्षं टिकणं ही साधी गोष्ट नव्हे. तिचं काम मात्र सरळ आहे. कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भारित होतो. त्याचा व्होल्टेज सप्लायच्या दोन तृतीयांशाला पोहोचला की चिप म्हणते, वेळ संपली. गणित मांडलं तर हा वेळ रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या १.१ पट येतो. ४७० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले, तर ५.१७ सेकंद.

यातली खरी हुशारी त्या ‘दोन तृतीयांश’ मध्ये आहे. सप्लाय १२ व्होल्टवरून ११ वर उतरला, तर कपॅसिटर सावकाश चढतो, पण त्याला गाठायची रेषाही त्याच प्रमाणात खाली येते. वेळ जवळपास तोच राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या दारासाठी हा गुण लाखमोलाचा. कपॅसिटर मात्र तितका भरवशाचा नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात २० टक्के इकडेतिकडे सर्रास चालतं, म्हणजे तुमचे पाच सेकंद चार भरतील किंवा सहा. दारासाठी हे ठीक आहे. पण कित्येक मिनिटांची मुदत हवी असेल, तर फार मोठा रेझिस्टर लावावा लागतो. त्यातून येणारा प्रवाह इतका क्षीण असतो की कपॅसिटरची स्वतःची गळतीच त्याला गिळू लागते. अशा कामांसाठी आता मायक्रोकंट्रोलर असलेली, तीन आकडी डिस्प्लेची मॉड्यूल आली आहेत. ती स्पंदनं मोजून वेळ काढतात. वेळ अचूक असतो, पण प्रोग्रॅम आला की तो अडकून पडण्याची शक्यताही आली. त्याकडे नंतर वळू.

सोसायट्यांमध्ये व्हिडिओ डोअर फोनबरोबर जे रिम लॉक येतं, त्याचं वागणं नेमकं उलटं. तिथे दार धरून ठेवते यांत्रिक जीभ. वीज लागते ती फक्त खटका सोडवायला, सेकंदभर. त्यातली कॉइल सतत चालू ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते. टायमर चुकून तीस सेकंदांवर ठेवला आणि येणाजाणाऱ्यांची रीघ लागली, तर कॉइल तापून जळते. तेव्हा मॉड्यूल घेताना ‘किती सेकंदांचं’ याआधी ‘कुठल्या कुलपासाठी’ हे विचारायला हवं, आणि दुकानदारही हे क्वचितच विचारतो.

अशी मॉड्यूल बिघडतात तेव्हा दोष बहुतेक वेळा टायमरचा नसतो. कुलपातल्या कॉइलमधून प्रवाह वाहत असताना रिलेने तो अचानक तोडला, तर कॉइल विरोध करते. प्रवाह जितक्या वेगाने तुटेल तितका मोठा उलटा व्होल्टेज ती निर्माण करते. १२ व्होल्टच्या तारेवर क्षणभर शेकडो व्होल्ट उसळतात. रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते, मायक्रोकंट्रोलर गोंधळतो. हा स्वयंप्रवर्तनाचा गुण अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि प्रवर्तकतेचं एकक आज ‘हेन्री’ आहे. गंमत म्हणजे रिलेच्या मुळाशीही हेच गृहस्थ आहेत. १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये त्यांनी दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाने दुसरं, मोठं विद्युतमंडल चालवून दाखवलं होतं. म्हणजे या काडेपेटीत औषधही हेन्रींचं आणि दुखणंही.

त्यावरचा उतारा म्हणजे कुलपाच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला एक डायोड, पट्ट्याची बाजू धनाकडे. तो मॉड्यूलजवळ नव्हे तर कुलपाजवळ बसवायचा, म्हणजे उसळी लांबच्या तारेत शिरतच नाही. पण याचीही किंमत आहे. डायोडमधून प्रवाह फिरत राहतो, सावकाश ओसरतो आणि चुंबक किंचित उशिरा सोडतो. म्हणून पुष्कळ ईएम लॉकमध्ये डायोडऐवजी व्हॅरिस्टर टाकलेला असतो. तो उसळी कापतो, पण चुंबकाला लवकर मोकळंही करतो.

आता जोडणीकडे. रिलेला तीन टोकं असतात, कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड). रिले निवांत असताना कॉमन एनसीला चिकटलेला असतो. ईएम लॉकची तार सर्रास कॉमन-एनसीमधून नेतात. एरवी प्रवाह वाहतो, दार बंद. बटण दाबलं की रिले खेचला जातो, प्रवाह तुटतो, पाच सेकंद दार उघडं. जोडणी सोपी, रिलेही थंड.

समजा, हे मॉड्यूलच मेलं. त्याची चिप जळली किंवा त्याला सप्लाय देणारी तार निसटली. रिले निवांत पडला, म्हणजे कॉमन-एनसी जुळलेले आणि कुलपाला वीज चालूच. तुम्ही बटण दाबत राहाल आणि दार ढिम्म हलणार नाही. वीज गेली की उघडतं म्हणून ‘फेल-सेफ’ म्हणवणारं कुलूप, मधल्या स्वस्त पाटीमुळे माणसं कोंडणारं ठरतं. उलट जोडणी केली, म्हणजे रिले कायम खेचलेला ठेवून तार एनओमधून नेली, तर मॉड्यूल मेल्यावर दार उघडतं. त्यासाठी १२ व्होल्टच्या त्या छोट्या रिलेला सतत सुमारे ३० मिलिअँपिअर द्यावे लागतात. माझ्या मते तेवढा खर्च करावा. तरीही प्रोग्रॅम भलत्याच अवस्थेत अडकला किंवा ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट वितळून चिकटले, तर ही जोडणीही हतबल.

अमेरिकेतली अग्निसुरक्षा संहिता एनएफपीए १०१ इथे कडक भूमिका घेते. माणसाच्या चाहुलीने सुटणाऱ्या विद्युत कुलपांच्या दारांना आतल्या बाजूला हाताचं बटण हवं. त्या बटणाने कुलपाची वीज थेट तुटली पाहिजे, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सची परवानगी न घेता. आणि दार किमान ३० सेकंद उघडं राहिलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सशिवाय ३० सेकंद मोजायचे कसे? त्यासाठी हवेवर चालणारी बटणं आहेत. दाबलं की छोट्या कप्प्यातली हवा बाहेर ढकलली जाते आणि बारीक छिद्रातून ती सावकाश परत येईपर्यंत कॉन्टॅक्ट तुटलेला राहतो. छिद्राचा स्क्रू पिळून वेळ ठरवायचा. छिद्र म्हणजे रेझिस्टर आणि कप्पा म्हणजे कपॅसिटर. तत्त्व ५५५ चंच, फक्त जळायला काही नाही.

त्याच संहितेत वेळ उलट्या बाजूनेही वापरलेला आहे. काही दारं आतून दाबल्यावर भोंगा वाजवतात आणि १५ सेकंदांनी उघडतात, म्हणजे चोराला तेवढा उशीर होतो. पण आगीची सूचना मिळताक्षणी हे १५ सेकंद शून्य झालेच पाहिजेत. तिजोऱ्यांच्या जगात उशीर हाच पहारेकरी असतो. जेम्स सार्जंट यांनी १८७३ मध्ये घड्याळी कुलूप आणलं ते याच विचाराने, की मॅनेजरच्या डोक्याला पिस्तूल लावूनही सकाळ लवकर होत नाही. माणसांच्या दाराला मात्र हा न्याय लावता येत नाही. आपली राष्ट्रीय इमारत संहिताही बाहेर पडायचं दार आतून किल्लीविना उघडलं पाहिजे असंच सांगते.

शेवटची मेख बॅटरीत आहे. वीज जाण्याची सवय असल्याने आपण ईएम लॉकच्या सप्लायला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी हमखास जोडतो. अर्ध्या अँपिअरला ती कागदावर १४ तास पुरते. आग लागल्यावर इमारतीचा मुख्य स्विच पाडला, तरी चुंबक इमानेइतबारे दार धरून बसणार. म्हणून फायर अलार्मच्या पॅनेलचा कॉन्टॅक्ट बॅटरीच्या पुढे, थेट कुलपाच्या तारेत असावा लागतो. मेनच्या बाजूला तो जोडला, तर त्याचा काहीच उपयोग नाही. तपासणी दहा मिनिटांची आहे. मेन बंद करा, बॅटरी जोडलेली राहू द्या, मॉड्यूलच्या सप्लायची तार काढा आणि आतल्या बाजूला उभं राहून बटण दाबा. एक माणूस बाहेर, बॅटरीच्या डब्याजवळ उभा ठेवा.