डबा फेकला, पाने राहिली!

शेतातून काढलेली ओली हळद बाजारात जाईपर्यंत तिच्यावर काय काय सोपस्कार होतात, हे हिंगोली जिल्ह्यातील कोणतेही शेतकरी आजोबा तुम्हांला सांगतील. पण ते लिहून कोणी ठेवायचे? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारली जात आहे. अशा विषयांचा कोश तुम्हांला शाळेच्या संगणकावरच तयार करता येईल. त्याचे साधन म्हणजे विकी.

वाचणाऱ्यालाच जे पान सुधारता येते, ते विकीचे पान. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. पानात बदल केला तरी जुनी प्रत जपलेली असते. लायगोचे शास्त्रज्ञही आपल्या नोंदींसाठी विकी वापरतात.

तुम्ही म्हणाल, विकी चालवायला आणखी कितीतरी प्रोग्राम लागतात, ते कसे जमवायचे? येथे कंटेनर मदतीला येतो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या 'आयडियल एक्स' जहाजावरून पाठवल्या. आतला माल कोणताही असो, पेटी सारखीच. त्यामुळे चढउतार सोपी झाली. संगणकातही प्रोग्राम व त्याला लागणाऱ्या सर्व फायली एका डब्यात भरतात. डबा इतर प्रोग्रामांपासून वेगळा राहतो, पण कार्यप्रणालीचा गाभा सर्व डब्यांना एकच असतो. म्हणून तो हलका असतो. २०१३ साली आलेल्या 'डॉकर'मुळे ही पद्धत सर्वत्र पसरली.

आता प्रयोग करू या. शिक्षकांच्या मदतीने संगणकावर डॉकर बसवा आणि 'डोकूविकी'चा तयार साचा उतरवून घ्या. इंटरनेट लागते ते एवढ्यापुरतेच. साच्यातून कंटेनर सुरू करताना ८०८० क्रमांकाचे दार उघडे ठेवा. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हाच संगणक', आणि त्यापुढे दाराचा क्रमांक लिहा. विकी उघडेल. 'हळद' नावाचे पान लिहून साठवा.

कंटेनर थांबवा, पुन्हा सुरू करा. पान जागच्या जागी आहे. आता कंटेनर काढून टाका आणि त्याच साच्यातून नवा सुरू करा. पान गायब! असे का बरे झाले? साचा कोराच होता. तुमचे लेखन जुन्या डब्याबरोबर गेले.

यावर उपाय सोपा आहे. संगणकावर एक फोल्डर करा आणि नवा कंटेनर सुरू करतानाच तो त्यातील 'स्टोरेज' या जागेशी जोडा. पुन्हा पान लिहा, कंटेनर काढून टाका, तोच फोल्डर जोडून दुसरा सुरू करा. या वेळी पान हजर! फोल्डर उघडून पाहा. डोकूविकी आपली पाने साध्या मजकुराच्या फायलींत ठेवते, त्यामुळे ती विकीशिवायही वाचता येतात.

मात्र संगणकाची डिस्कच बिघडली तर? म्हणून दर आठवड्याला फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. डबा केव्हाही नवा मिळेल, पण आजोबांनी सांगितलेली माहिती पुन्हा मिळेलच असे नाही.

तर मग, पहिले पान कोणाला विचारून लिहिता?