बॅग खांद्यावर, खेळ दुसऱ्याचा

बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या माणसाला गोल्फ टीव्हीवरच ठाऊक. मला तो जवळून दिसला पुण्याकडच्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये. ओळखीच्या एका अधिकाऱ्याने पाहुणा म्हणून नेले होते. अठरा होल, चार-साडेचार तासांचा खेळ, कोसभर पसरलेली हिरवळ. खेळणारा मोकळ्या हाताने चालतो. चौदा काठ्यांची बॅग कॅडी वाहतो.

आमचा कॅडी निघाला चिखली तालुक्यातला. माझे गाव ऐकून त्याने हळूच, इकडेतिकडे बघून 'जयभीम' घातला. का बरे हळूच?

झेंडा दीडशे यार्डांवर. साहेबांनी सात नंबरची काठी मागितली. पोरगा म्हणाला, "सर, वारा समोरून आहे, सहा घ्या." चेंडू झेंड्याजवळ पडला. टाळ्या साहेबांना!

गोल्फचा नियमच असा की, खेळताना सल्ला घ्यायचा तो आपल्या जोडीदाराचा किंवा कॅडीचा. इतर कोणाचाही नाही. म्हणजे कॅडीची अक्कल चालते. मग त्याच्या हातात काठी का चालत नाही? ज्ञान घ्यायचे आणि ज्ञानवंताला कुंपणाबाहेर ठेवायचे, ही या देशाची जुनीच रीत.

कुंपण थोडे किलकिले झाले तेव्हा काय घडले, तेही पाहा. दिल्लीत बॅगा वाहिलेल्या अली शेरने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर एकाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती. रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ राखणाऱ्या कामगाराचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया 2008 मध्ये इंडियन मास्टर्सचा विजेता झाला. बाबासाहेबांचे जन्मस्थान असलेल्या महूचा मुकेश कुमार 2016 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आशियाई टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकला. यातल्या कोणाच्या घरी क्लबचे सभासदत्व वारशाने आले नव्हते.

आणि सभासदांची संस्कृती? त्याच दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जून 2017 मध्ये मेघालयातली एक खासी महिला आपल्या पारंपरिक वेशात जेवायला बसली होती. 'मोलकरणीसारखी दिसते' म्हणून तिला उठायला सांगितले गेले. ती रीतसर निमंत्रित पाहुणी होती! गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी यावर बोलावे.

खासगी रिसॉर्टवाल्यांकडून आम्हाला अपेक्षा नाही. पण खारघरचे गोल्फ मैदान सिडकोने, म्हणजे सरकारी महामंडळाने उभारले. तशा मैदानांवर आठवड्यातला एक दिवस कॅडी, माळी आणि त्यांच्या मुलांना हक्काने, फुकट आणि प्रशिक्षकासह का मिळू नये? दया नको, वेळापत्रकात नोंद हवी.

निघताना त्या पोराला विचारले, "तू खेळतोस का रे?"

"सोमवारी मैदान बंद असतं दादा. सुपरवायझर नसला तर चार-दोन फटके मारतो. अठराच्या अठरा होल अजून नाही खेळलो."