रजोनिवृत्तीपूर्वीच्या गरम वाफा आणि संप्रेरकांचे अहवाल

चाळिशी उलटलेली, पाळी अद्याप सुरू असलेली स्त्री ‘अंगातून एकदम वाफा निघतात, चेहरा तापतो, घाम सुटतो’ अशी तक्रार घेऊन येते. सोबत एफएसएच व इस्ट्रोजेनचा अहवाल असतो आणि त्यातील आकडे ‘नॉर्मल’ असतात. तेवढ्यावरून तिची तक्रार मानसिक ठरविणे योग्य नव्हे.

सुश्रुताचार्यांनी रजःप्रवृत्तीचा काळ १२ ते ५० वर्षे सांगितला आहे. ही निवृत्ती एकाएकी होत नाही. आधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन एका चक्रात पुरेसे, दुसऱ्यात कमी, तर कधी पूर्वीपेक्षाही अधिक असते. एफएसएच एका महिन्यात वाढून पुढच्या महिन्यात पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून रक्ताचा एक नमुना केवळ त्या दिवसाची स्थिती सांगतो.

वाफांचे मूळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये आहे. इस्ट्रोजेनचा आधार सुटू लागला की तेथील न्यूरोकायनिन-बी स्रवणाऱ्या पेशी अतिक्रियाशील होतात आणि शरीराच्या उष्णतेतील किंचित वाढही सहन होत नाही. गरम चहा वा तिखट जेवण एवढ्यानेही त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून घाम येतो. याच पेशींचा संदेश रोखणाऱ्या फेझोलिनेटंट या संप्रेरकरहित औषधास अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली.

ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०१५ साली असे मार्गदर्शन केले की, ४५ वर्षांवरील स्त्रीत निदान लक्षणांवरून करावे, एफएसएचवरून नव्हे. लागोपाठच्या चक्रांत ७ वा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडणे ही संक्रमणाची पहिली खूण. ६० वा अधिक दिवस पाळी न येणे ही पुढची.

तथापि प्रत्येक वाफ रजोनिवृत्तीची नसते. अवटुग्रंथीचा अतिस्राव वगळण्यासाठी टीएसएच अवश्य तपासावे. रात्रीच्या घामासोबत ज्वर, खोकला वा वजनातील घट असल्यास क्षयरोगाचा विचार करावा. वयाच्या ४० वर्षांपूर्वी पाळी लांबून वाफा सुरू झाल्यास मात्र एफएसएच तपासणे आवश्यक आहे. अशा रुग्णेस विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, कारण तिच्या अस्थी व हृदय यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

औषधविक्रेत्यांनी शतावरीयुक्त कल्प देण्यापूर्वी स्तनाच्या कर्करोगाविषयी जरूर विचारावे. टॅमॉक्सिफेननेही वाफा येतात. अशा रुग्णेस तिच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून इस्ट्रोजेनसदृश गुणाची शक्यता असलेले द्रव्य देऊ नये.