आधी मोजणी, मग बदली

कल्याणच्या बाजार समितीतून भाजीपाला भरून शिळफाट्यामार्गे दिव्यात येणारी पिकअप पावसाळ्यातील रात्री कोंडीत खोळंबते, तेव्हा दिवे, वायपर आणि पंखा यांचा एकत्रित भार तिच्या विद्युत्-व्यवस्थेवर पडलेला असतो. आणि नेमक्या त्याच वेळी, इंजिन मंद गतीने चालत असल्यामुळे, वीज निर्माण करणाऱ्या आल्टरनेटरची शक्ती क्षीण झालेली असते. सकाळी सेल्फ मारूनही गाडी चालू झाली नाही, की सारा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो, नवी बॅटरी येते, आणि काही दिवसांत तीही उतरते.

बॅटरी ही तिजोरी असेल, तर आल्टरनेटर हा रोजचा वसूल होय. वसूल थांबल्यावर तिजोरी बदलून काय साधणार? फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर हे यंत्र चालते. इंजिनचा पट्टा आतील चुंबकीय चक्र फिरवतो, भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह उत्पन्न होतो, डायोड त्याला एकदिश करतात आणि रेग्युलेटर त्याचा दाब मर्यादेत ठेवतो. चिखलपाण्याने बेअरिंग खराब होते, कार्बनचे ब्रश झिजतात, उष्णतेने डायोड जळतात.

या बिघाडाची रुजुवात साध्या मल्टिमीटरने होते. काही तास उभ्या असलेल्या गाडीची निरोगी, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; इंजिन चालू करताच हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो चढलाच नाही, तर प्रथम पट्ट्याचा ताण, बॅटरीची टर्मिनले आणि जाड तार तपासावी. ती निर्दोष ठरली, तरच आल्टरनेटरकडे वळावे. आकडा १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटरचा संशय घ्यावा. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून परीक्षा घेण्याची रीत मात्र सर्वथा त्याज्य आहे. त्या क्षणी उसळणारा दाब डायोड आणि संगणकीय नियंत्रक दोन्ही निकामी करू शकतो.

आल्टरनेटर उतरवताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, मग पट्टा ढिला करावा, आणि त्यानंतर वायरिंग व बोल्ट काढावेत. येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही: कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकला साह्य करणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो, आणि त्याला इंजिनमधून तेलाची नळी येते. जोडणीच्या वेळी या नळीच्या सांध्यातील वॉशर नवे घालावेत, व्हॅक्यूमची नळी घट्ट बसल्याची खातरजमा करावी, आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पायडल दाबून पाहावे. कारण येथील कसूर विजेपुरती न राहता माणसांच्या जिवावर बेतते. शेवटी सर्व दिवे लावून व्होल्ट पुन्हा मोजावेत.

दिव्यातील कित्येक कुटुंबांची चूल अशा एकाच गाडीवर पेटते. म्हणून चालक-मालकांना आग्रहाची विनंती अशी की, कोणताही भाग खरेदी करण्यापूर्वी मेकॅनिककडून इंजिन बंद असतानाचा आणि चालू असतानाचा, असे दोन्ही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावेत.