खोली लालबागची, गणती डोंबिवलीत

जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरल्यापासून, तिच्या आकड्यांवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर दक्षिणेतल्या राज्यांच्या खासदारांचं काय होणार, हीच चर्चा चालू आहे. चर्चा रास्त आहे. पण जागांची खेचाखेच महाराष्ट्राच्या आतही होईल आणि त्यात जुनी मुंबई मार खाईल, असं माझं मत.

मागच्या पुनर्रचनेत मुंबई शहर जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ १७ वरून १० झाले, उपनगरांचे १७ वरून २६. गिरणगावाला, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणी कामगार वस्तीला, आपली म्हणावी अशी लोकसभेची जागा होती, दक्षिण मध्य. १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणी संपात होरपळलेल्या इथल्या मतदारांनी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून दिल्लीला धाडलं. पुढे शिवसेनेचे मोहन रावले तिथून पाचदा निवडून आले. २००९ ला लालबाग-परळ उचलून मलबार हिल-कुलाब्याच्या पंगतीत बसवलं. दादर गेलं धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगरकडे. दक्षिण मुंबईतून उभे राहिलेले रावले थेट तिसरे आले. मनसेने मतं खाल्ली हे खरंच, पण पायाखालची जमीनही सरकली होती.

२०२४ ला याच दक्षिण मुंबईतून ठाकरेंच्या शिवसेनेचे अरविंद सावंत ५२ हजारांवर मतांनी जिंकले. मलबार हिल आणि कुलाब्यात शिंदेंच्या शिवसेनेच्या यामिनी जाधव पुढे होत्या. सावंतांना तारलं ते मुंबादेवी, भायखळा, शिवडी आणि वरळीने. गिरणगावाचं वजन अजून आहे, पण ते उसनं आहे.

मतदानाच्या दिवशी लालबागला बूथबाहेरच्या टेबलावर कार्यकर्ता यादीवरून बोट फिरवत असतो: चाळ, खोली, नाव. "काका, कधी निघालात?" काका सकाळच्या लोकलने डोंबिवलीहून आलेले असतात. नाव इथे, बिऱ्हाड तिथे. गणती मात्र बिऱ्हाडाची होते. शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ३३ लाखांवर होती, २०११ ला ती ३१ लाखांच्या आत आली. गिरण्यांच्या जागी टॉवर चढले, माणसं कमी झाली. हा हिशेब चुकीचा नाही, निर्दय आहे.

पुनर्रचनेचा मसुदा निघाला की हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. अंतिम आदेशानंतर कोर्टात जायला फारसा वाव उरत नाही. तेव्हा इथल्या गणेश मंडळांनी वर्गणीची पावतीपुस्तकं थोडी बाजूला ठेवून त्या मसुद्याचा नकाशा आधी बघावा आणि हरकती मुदतीत द्याव्यात.