पिस्तुलामागची भीती

रॅप म्हणजे ठेक्यावर म्हटलेली, यमकांनी बांधलेली कविता. तिच्यात टोळ्यांचे, अमली पदार्थांच्या धंद्याचे जग आले, की तिला ‘गँगस्टा रॅप’ म्हणतात. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील ‘एन.डब्ल्यू.ए.’ या गटाने हा प्रकार अमेरिकाभर गाजवला. त्या काळी रॅप म्हणजे एक तर न्यूयॉर्कचे, नाही तर लॉस एंजेलिसचे. दक्षिणेकडच्या पोरांना कोण विचारतो!

अशा वेळी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातून एक अल्बम आला : ‘मिस्टर स्कारफेस इज बॅक’. गायक ब्रॅड जॉर्डन, वय अवघे वीस. ‘स्कारफेस’ हे टोपणनाव अल पचिनोच्या १९८३ च्या चित्रपटावरून घेतलेले. ‘गेटो बॉईज’ या गटामुळे त्याचा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला होता. पण स्वतःच्या नावावरचा हा पहिलाच अल्बम. तो काढला ह्यूस्टनच्याच ‘रॅप-अ-लॉट’ कंपनीने.

ऐकताना कान विटतात. शिव्या आहेत, रक्तपात आहे. बायकांविषयीचा तुच्छभाव तर कोणत्याही सबबीवर खपवून घेण्याजोगा नाही. मग माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याने त्याकडे का वळावे? कारण इथला गुंड नुसती फुशारकी मारत नाही, तो घाबरतोसुद्धा. ‘अ मिनिट टू प्रे अँड अ सेकंड टू डाय’ या गाण्यात रस्त्यावरचे मरण आहे. आणि त्याखाली वाजत राहते ती मार्विन गे यांच्या १९७१ मधल्या ‘इनर सिटी ब्लूज’ची सुरावट. गरीब वस्त्यांची होरपळ सांगणारे ते जुने गाणे. ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ तर ढासळत्या मनाची रोजनिशीच.

कवितेतला ‘मी’ म्हणजे खुद्द कवीच, असे धरून चालू नये, हे आम्ही कवी नेहमी सांगतो. पण जॉर्डनने २०१५ मध्ये आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ते याच गाण्याचे. कोवळ्या वयातले नैराश्य, मनोरुग्णालयातले दिवस त्यात आले आहेत. म्हणजे नाव सिनेमातून उसने आणलेले होते, भीती मात्र घरची होती.

गुंडाचे गाणे गुंडगिरी शिकवते का, असे पालक विचारतात. माझे उत्तर असे, की मरणाची किंमत लपवणारे गाणे शिकवते. ती किंमत उघड सांगणारे गाणे ऐकणाऱ्याची झोप उडवते. ती उडायलाच हवी.