मणक्यातील बुरशी आणि गृहीत धरलेला क्षय

२०२१ च्या मे महिन्यात हैदराबादेत कोठीच्या सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयापुढे काळ्या बुरशीच्या रुग्णांची रीघ लागली होती आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. तेलंगण सरकारने त्याच महिन्यात हा रोग सक्तीने कळवावयाच्या रोगांत घातला. चेहऱ्यावर दिसणाऱ्या बुरशीची दखल निदान घेतली तरी गेली. त्याच वर्षी पुण्यात कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांच्या मणक्यांत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आढळली. तिची चर्चा मात्र वैद्यकवर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. हिचा रुग्ण पाठ दुखते एवढेच सांगतो.

पाठ दुखते व मणका पोखरला आहे, म्हणजे क्षयच, असे आपल्याकडे धरून चालतात. हे अगदीच निराधार नव्हे. मणक्याचा क्षय या देशात फार आहे आणि एमआरआयवरून दोहोंतील भेद जाणत्या डॉक्टरांनाही खात्रीने करता येत नाही. परंतु अंदाजाने सुरू केलेल्या गोळ्या महिनोन्महिने चालतात, बुरशी आपले काम करीत राहते, आणि पाय लुळे पडू लागले म्हणजे फेरविचार होतो. दोन्ही औषधे एकदम देऊ, ही पळवाटही बंद आहे. कारण क्षयावरील रिफॅम्पिसिन हे बुरशीवरील व्होरिकोनाझोलचे रक्तातील प्रमाण पार खाली आणते.

तेव्हा सुईने मणक्याचा तुकडा काढून तपासण्यावाचून गत्यंतर नाही. तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनमध्ये बुडविला, की त्यातून बुरशी वाढवून तिची जात ओळखता येत नाही, आणि जातीवरच औषध ठरते. अमेरिकेत २०१२ साली पाठदुखीसाठी टोचलेल्या दूषित स्टिरॉइडने साडेसातशेंहून अधिक लोकांना बाधा झाली, साठांवर दगावले. टेनेसीतील एका डॉक्टरने बुरशीची शंका मनात धरली, म्हणून ती साथ उघडकीस आली.

नांदेड-बिदरकडचा रुग्ण जुन्या वहिवाटीने आजही हैदराबाद गाठतो. मूळचे अस्थिरोगांचेच असलेले तेथील निजाम्स इन्स्टिट्यूट असो वा अन्य मोठे रुग्णालय, रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत अर्धे वर्ष क्षयाच्या गोळ्यांत गेलेले असू नये. बुरशीचा उपचार स्वतःच सहा महिने ते वर्षभर चालतो व महाग पडतो. जिल्हा रुग्णालयांनी मणक्याच्या प्रत्येक नमुन्याचा एक भाग फॉर्मेलिनविना निर्जंतुक बाटलीत ठेवावा आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'बुरशीसाठीही' असे लिहावे, असा आदेश काढण्यास सरकारला कोणत्याही समितीची गरज नाही, असे आम्हांस वाटते.